घरातला स्लॅब आणि बाहेर काढलेली बाल्कनी: सळई खाली की वर?

घरातला स्लॅब आणि त्यालाच जोडून बाहेर काढलेली बाल्कनी एकाच दिवशी, एकाच काँक्रीटने भरली जाते. त्यामुळे दोन्हींचे काम सारखेच चालते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात बीमच्या आत आणि बीमच्या बाहेर काँक्रीटवर येणारा ताण एकमेकांच्या नेमका उलट असतो.

दोन बीमवर टेकलेला स्लॅब भाराखाली मधोमध खाली वाकतो, त्याची तळाची बाजू ताणली जाते, आणि म्हणून मुख्य सळई तळाशी, कव्हर ब्लॉकवर (सळईला तळापासून थोडे वर धरणारे छोटे ठोकळे) ठेवतात. बाल्कनीचे पुढचे टोक अधांतरी असते. ते झुकू लागले की बीमपाशी वरची बाजू ताणली जाते, आणि काँक्रीट ताणाला दुबळे असल्यामुळे तिथे मुख्य सळई वरच हवी. लांबी आणि सर्वत्र पसरलेला भार सारखे धरले, तर बाल्कनीच्या मुळाशी येणारा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) साध्या टेकलेल्या स्लॅबच्या मध्यावरील मोमेंटच्या चौपट भरतो. आयएस 456:2000 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात लांबी आणि परिणामी जाडी (दाबल्या जाणाऱ्या कडेपासून मुख्य सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर) यांचे मूळ गुणोत्तर टेकलेल्या स्लॅबला 20, तर कॅन्टिलिव्हरला, म्हणजे बाल्कनीसारख्या एकाच टोकाला धरलेल्या भागाला, अवघे 7 दिले आहे, ते उगाच नव्हे.

ड्रॉइंग बरोबर असूनही चूक होते ती बहुधा साइटवर. तळाची सळई ब्लॉकवर निवांत बसलेली असते. वरची मात्र काँक्रीट भरताना पायाखाली दबते. 125 मिमी जाडीच्या बाल्कनीत ती 40 मिमी खाली गेली, तर परिणामी जाडी सुमारे 100 वरून 60 मिमीवर येते आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून सळईखाली पुरेशा चेअर (वरची सळई उचलून धरणारे, सळई वाकवून केलेले आधार) आहेत का, हे घरमालकाने स्वतः वाकून पाहावे, असे माझे मत आहे. हीच सळई आतल्या स्लॅबमध्ये निदान बाल्कनी जितकी बाहेर काढली आहे तितकी, शक्यतो दीडपट, मागे न्यावी लागते.

पुढे बाल्कनी खोलीत घेण्याचा मोह होतो. कडेला चार इंची विटांची 3 मीटर उंच भिंत बांधली, तर दर मीटरला सुमारे 600 किलो वजन मुळापासून सर्वांत दूरच्या जागी येते. मूळ हिशेबात ते धरलेले नसते.

टेकू काढण्याचा क्रमही वेगळा आहे: टेकलेल्या स्लॅबचे मध्यापासून दोन्ही बीमकडे, बाल्कनीचे मोकळ्या टोकापासून आत.