पुरुष नसबंदी

वृषणांतून शुक्राणू पुढे नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या छेदून किंवा बंद करून पुरुषाची प्रजननक्षमता कायमची थांबवण्याची शस्त्रक्रिया. स्थानिक भूल देऊन ती साधारण १० ते ३० मिनिटांत पुरी होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. स्त्रीच्या बीजवाहिन्या बंद करण्यासाठी बहुधा उदरपोकळीत शिरावे लागते. येथे त्वचेखालीच काम भागत असल्याने धोका बराच कमी राहतो. मात्र शस्त्रक्रियेच्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही. वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, दुसरे गर्भनिरोधक साधन वापरावेच लागते. नसबंदीनंतरच्या अनपेक्षित गर्भधारणांमागे या काळातील बेसावधपणा हे एक मोठे कारण असते.

शरीररचना : शुक्राणू वृषणातील सूक्ष्म नलिकांत तयार होतात, अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीत) पक्व होतात आणि शुक्रवाहिनीतून वर सरकतात. शुक्रवाहिनी ३० ते ४५ सेंमी. लांब असते. तिचा बाहेरचा व्यास २ ते ३ मिमी. असला, तरी आतली पोकळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच भरते. बाकी सारी जाड स्नायुमय भिंत. या जाडीमुळेच ती वृषणकोशाच्या त्वचेतून बोटांच्या चिमटीत ताठ सुतळीसारखी लागते आणि न पाहताही पकडता येते. आधुनिक तंत्र याच गुणावर उभे आहे. वीर्यातील बहुतांश द्रव शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथी यांतून येतो. वृषण व अधिवृषण यांचा वाटा काही टक्क्यांपुरताच असतो. त्यामुळे नसबंदीनंतर वीर्याचे प्रमाण, रंग वा दाटपणा यांत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते, त्याचा शुक्रवाहिनीशी संबंध नाही. कामेच्छा, ताठरता, दाढीमिशा व स्नायूंची ताकद यांवर या शस्त्रक्रियेचा परिणाम होत नाही तो यामुळेच. वृषणांत शुक्राणूंची निर्मिती चालू राहते. पुढे जाता न आलेले शुक्राणू झिजून शरीरात शोषले जातात.

इतिहास : आरंभ नेमका कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. शुक्रवाहिनी बंद असूनही वृषण निरोगी राहू शकते, हे निरीक्षण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन हंटर या शल्यविशारदाने शवविच्छेदनात केल्याचे सांगितले जाते. हेतुपूर्वक प्रयोगाचा मान सामान्यतः इंग्रज शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांना देतात. त्यांनी १८२३ च्या सुमारास एका कुत्र्याची एका बाजूची शुक्रवाहिनी व दुसऱ्या बाजूची वृषणाची रोहिणी व नीला छेदली. रक्तपुरवठा तुटलेले वृषण सडून गेले. शुक्रवाहिनी तुटलेले वृषण मात्र टिकले, किंबहुना किंचित मोठेच झाले. कूपर यांचा हेतू गर्भनिरोधाचा नव्हता. तरीही वाहिनी तोडल्याने वृषण मरत नाही, हा आजच्या शस्त्रक्रियेचा पायाभूत सिद्धांत या प्रयोगात स्पष्ट दिसतो, आणि म्हणून आरंभबिंदू म्हणून हाच प्रयोग धरणे अधिक योग्य वाटते.

मानवावरील पहिल्या शस्त्रक्रियेचे श्रेय काही अभ्यासक लंडनच्या रेजिनाल्ड हॅरिसन यांना, तर काही स्वीडनमधील लेनांडर यांना देतात. दोघांचेही काम १८९० च्या दशकातले असून दोघांचा हेतू वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आकसवण्याचा होता. तो हेतू फारसा साधला नाही. शिकागोच्या अल्बर्ट ऑक्स्नर यांनी १८९९ मध्ये हीच शस्त्रक्रिया गुन्हेगारांची प्रजोत्पत्ती रोखण्यासाठी सुचवली. त्याच सुमारास अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एका सुधारगृहाचे डॉक्टर हॅरी शार्प यांनी ती कैद्यांवर करण्यास सुरुवात केली, आणि १९०७ मध्ये त्या राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. असा तो जगातील पहिला कायदा मानला जातो. १९२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, पण तोवर इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला होता.

यानंतरचे वळण अगदी वेगळे. व्हिएन्नातील शरीरक्रियावैज्ञानिक ऑयगेन श्टाइनाख यांचा समज असा, की शुक्रवाहिनी बांधली की वृषणातील संप्रेरक निर्माण करणाऱ्या पेशी वाढतात व तारुण्य परतते. १९१८ पासून या मतानुसार शस्त्रक्रिया होऊ लागल्या. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये, तर कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३४ मध्ये ती करून घेतली. कृत्रिम टेस्टोस्टेरॉन १९३० च्या दशकात उपलब्ध झाल्यावर हे मत मागे पडले. नसबंदीने पुरुषत्व जाते ही आजही ऐकू येणारी भीती आणि तिने पुरुषत्व वाढते हा तेव्हाचा विश्वास, दोन्हींच्या मुळाशी शुक्रवाहिनी व संप्रेरक यांच्यात नसलेला संबंध जोडणेच आहे.

स्वेच्छेने करायचा कुटुंबनियोजनाचा उपाय म्हणून तिचा प्रसार प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. याच काळात भारतात आणीबाणीदरम्यान, १९७६–७७ या एका वर्षात, ६० लाखांहून अधिक पुरुषांवर ती झाली. त्यांतील अनेकांवर सक्ती वा दबाव होता. त्यानंतर तेथे पुरुषांचा सहभाग जो घसरला तो पुन्हा सावरला नाही. संमतीवाचून केलेली बिनधोक शस्त्रक्रियाही अन्यायच ठरते, आणि लेखी, समजून दिलेली संमती हा आज या प्रक्रियेचा अविभाज्य भाग मानला जातो तो या अनुभवांमुळे.

१९७४ मध्ये चीनच्या सिच्वान प्रांतातील चुंगचिंग येथे ली शुनछ्यांग यांनी बिनटाक्याची पद्धत विकसित केली. १९८५ मध्ये परदेशी तज्ज्ञांच्या एका गटाने ती प्रत्यक्ष पाहिली आणि मग ती बाहेर पसरली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस थायलंडमध्ये १,२०३ पुरुषांवर केलेल्या तुलनेत नव्या पद्धतीत गुंतागुंतीचे प्रमाण ०·४ टक्के, तर जुन्या पद्धतीत ३·१ टक्के आढळले.

शस्त्रक्रियेपूर्वी : आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलणे होते. हा उपाय कायमचा समजूनच निर्णय घ्यावा, हे तेथे स्पष्ट सांगितले जाते. तरुण वयातल्या, अपत्य नसलेल्या किंवा संसारात तणाव चालू असलेल्या पुरुषांत पुढे पश्चात्ताप होण्याची शक्यता अधिक दिसते. अशांनी थोडे थांबण्यात काही बिघडत नाही. कोणाला शुक्राणू गोठवून ठेवायचे असतील, तर तेही याच टप्प्यावर. तपासणीत वृषणकोश हाताळून दोन्ही शुक्रवाहिन्या लागतात का हे पाहतात. अंडवृद्धी, मोठा हर्निया, न उतरलेले वृषण किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे व्रण असल्यास काम अवघड होते. त्वचेचा वा जननमार्गाचा जंतुसंसर्ग असल्यास तो बरा होईपर्यंत तारीख पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना आधी सांगावे. आदल्या दिवशी वा त्याच सकाळी केस काढणे, अंघोळ करणे, घट्ट बसणारी चड्डी सोबत नेणे आणि घरी नेण्यासाठी कोणाला बरोबर घेणे एवढी तयारी पुरते.

शस्त्रक्रियेच्या वेळी : सुरुवातीला भुलेचे इंजेक्शन टोचते व क्षणभर चुरचुरते. त्यानंतर धार जाणवत नाही. पण वाहिनी बाहेर ओढली जाते तेव्हा जांघेत किंवा ओटीपोटात ताण वा मळमळल्यासारखे जाणवू शकते. ते अपेक्षित आहे. दुखलेच तर सांगावे, भूल वाढवता येते.

जुन्या पद्धतीत चाकूने एक किंवा दोन छेद घेतात. ली यांच्या पद्धतीत कडी असलेल्या चिमट्याने शुक्रवाहिनी त्वचेवरूनच पकडतात, टोकदार चिमट्याने त्वचेला एकच छिद्र पाडून ते रुंदावतात आणि त्यातून वाहिनी बाहेर काढतात. ऊती कापण्याऐवजी बाजूला सारल्या जात असल्याने रक्तस्राव कमी होतो. छिद्र बहुधा टाक्याविनाच मिटते.

वाहिनी कशी बंद करावी हा खरा तांत्रिक वाद आहे. नुसती बांधणे, मधला तुकडा कापून दोन्ही टोके बांधणे, टोके मागे दुमडणे, क्लिप लावणे, आतील अस्तर विजेने वा उष्णतेने जाळणे, आणि एका टोकावर वाहिनीभोवतालचे आवरण ओढून दोन टोकांमध्ये ऊतीचा पडदा उभा करणे असे अनेक मार्ग आहेत व ते एकमेकांशी जोडूनही वापरतात. बांधलेल्या जागी ऊती मरून गाठ सुटू शकते व शुक्राणू नवी वाट शोधू शकतात. अनेक देशांत मिळून केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक (कोणाला कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणाऱ्या) चाचणीत, कापून बांधण्याच्या जोडीला असा पडदा घातल्यास अपयश साधारण निम्म्यावर येते असे दिसले. अस्तर जाळण्याचे निष्कर्षही नुसत्या बांधण्याहून चांगले आहेत. तुकडा लांब कापल्याने यश वाढते हा समज पूर्वी प्रबळ होता, पण त्याला भक्कम आधार नाही. उलट पुढे वाहिनी जोडायची झाल्यास लांब तुकडा गेल्याने अडचण होते. अस्तर जाळून वर ऊतीचा पडदा घालणे हा मार्ग उपलब्ध पुराव्यानुसार सर्वांत भरवशाचा ठरतो. वृषणाकडील टोक उघडे ठेवण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात मागचा दाब कमी राहतो, पण तेथे शुक्राणूंची छोटी गाठ तयार होण्याची शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेनंतर : पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोड्या थोड्या वेळाने लावल्याने सूज कमी होते. वृषणकोशाला आधार देणारी चड्डी आठवडाभर रात्रंदिवस वापरावी. सौम्य ठणक, किंचित सूज, काळेनिळे डाग व जखमेतून एखाद-दुसरा थेंब हे सर्व सामान्य होय. डाग कधीकधी जांघेपर्यंत उतरतात व पाहून भीती वाटते, पण ते आपोआप जातात. वेदनांसाठी साधी वेदनाशामके पुरतात. अ‍ॅस्पिरिन टाळतात, कारण तिने रक्तस्राव वाढतो. बैठे काम करणारे बहुतेक जण दोन-तीन दिवसांत कामावर जातात. वजन उचलणे, व्यायाम, सायकल व संभोग यांना साधारण आठवडाभर विराम द्यावा. पहिल्या काही वेळा वीर्यात रक्ताची झाक दिसू शकते. ताप, वाढत जाणारी सूज, न थांबणारा रक्तस्राव किंवा पू दिसल्यास मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

छेदाच्या पुढच्या भागात उरलेले शुक्राणू निघून जाण्यास वेळ लागतो. पूर्वी वीस वेळा वीर्यस्खलन हा निकष सांगत; आता जागतिक आरोग्य संघटना तीन महिन्यांची मुदत धरते. स्खलनांच्या संख्येपेक्षा लोटलेला काळ अधिक विश्वासार्ह निर्देशक आहे असे दिसते, पण दोन्ही तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. अमेरिकन मूत्ररोगशास्त्र संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ८ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान तपासलेल्या नमुन्यात शुक्राणू नसतील, किंवा प्रति मिलिलिटर १ लाखापर्यंत व तेही सर्व अचल असतील, तर दुसरे साधन थांबवता येते. हलणारे शुक्राणू दिसत राहिले तर पुन्हा तपासणी आणि क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. अनेक पुरुष हा नमुना देण्यासाठी परततच नाहीत, आणि शस्त्रक्रिया फसली असेल तर ते गर्भ राहिल्यावरच कळते. तपासणी निर्दोष आल्यावरही गर्भधारणेची शक्यता सुमारे २,००० मध्ये एक इतकी उरते, कारण क्वचित वाहिनीची टोके वर्षांनंतरही आपोआप जुळतात. अशा वेळी पत्नीवर संशय घेण्याआधी वीर्यतपासणी करणे न्यायाचे होय. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांपासून नसबंदी संरक्षण देत नाही.

गुंतागुंत व दूरगामी परिणाम : रक्त साकळून गाठ होणे किंवा जंतुसंसर्ग होणे यांचे प्रमाण १ ते २ टक्के सांगितले जाते. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी व दैनंदिन जीवनात अडथळा आणणारी वेदना साधारण तेवढ्याच पुरुषांत राहते. अधिवृषणातील वाढलेला दाब, शुक्राणूंची गाठ व अडकलेले चेतातंतू ही कारणे सुचवली गेली आहेत. संमती घेताना ही शक्यता सांगितलीच पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी प्रतिपिंडे (शरीराची प्रतिकारशक्ती बनवते ती प्रथिने) आढळतात. माकडांवरील काही प्रयोगांमुळे १९७०–८० च्या सुमारास ही प्रतिपिंडे रोहिण्या कठीण करतात अशी शंका निघाली होती. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत तिला आधार मिळाला नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाशी संबंध १९९३ मध्ये दोन अमेरिकन अभ्यासांत सुचवला गेला. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत तो दुवा अत्यंत क्षीण ठरला असून त्यामागे कार्यकारणभाव नसावा असेच बहुतेक तज्ज्ञ मानतात.

पुनर्जोडणी : १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली वाहिनी जोडण्याचे तंत्र रुळल्यावर यश बरेच वाढले. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या १९९१ च्या अहवालात नसबंदीला तीन वर्षे होण्याआधी जोडणी केलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परतले व ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. पंधरा वर्षे वा अधिक लोटल्यावर हीच प्रमाणे ७१ व ३० टक्के होती. शुक्राणू परतूनही गर्भ न राहण्यामागे अधिवृषणातील नवा अडथळा, प्रतिपिंडे व जोडीदाराचे वय हे घटक असतात. जोडणी शक्य नसेल, तर वृषणातून किंवा अधिवृषणातून सुईने शुक्राणू काढून प्रयोगशाळेत बीजांडात सोडण्याचा मार्ग उरतो.