नसलेली वस्तू हाताला लागते तेव्हा

आभासी पेला डोळ्यांना दिसतो, पण धरायला जावं तर बोटं आरपार जातात. ती अडावीत म्हणून बनलेल्या स्पर्श-हातमोज्यांचं मूळ अणुसंशोधनात आहे. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांना किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळायचे होते. त्यासाठी त्यांनी यांत्रिक हातांची जोडी केली: अलीकडचा हात माणूस हलवणार, पलीकडचा त्याची नक्कल करणार. पलीकडे काही अडलं की अलीकडे जाणवायचं. १९५४ च्या सुमारास दोन्ही हातांमधली यांत्रिक जोडणी जाऊन विद्युत मोटरी आल्या. माझ्या मते खरं वळण हेच. कारण आता पलीकडे खरा हात नसला तरी चालणार होतं. किती जोर लावायचा याचा हिशेब संगणकाने केला की झालं.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ पासून नेमकं हेच करायला घेतलं, तेही अरगॉनचाच हात वापरून. सत्तरच्या दशकात टेबलावरचे आभासी ठोकळे उचलण्यापर्यंत मजल गेली, पण मूळ हेतू रेणूंमधले जोर हाताला जाणवून देण्याचा होता, त्यासाठी संगणक तोकडा पडला आणि तो हात बरीच वर्षं पडून राहिला. डोळ्यांना सेकंदाला साठ चित्रं पुरतात. स्पर्शाचा हिशेब मात्र सेकंदाला हजारदा करावा लागतो, नाहीतर कठीण भिंत लिबलिबीत लागते किंवा थरथरते.

१९७७ चा सेयर ग्लव्ह, १९८७ चा डेटाग्लव्ह हे हातमोजे मुख्यतः बोटांचं वळण मोजणारे. नव्वदच्या दशकात रटगर्स विद्यापीठाने तळहातावर हवेचे दट्टे बसवून बोटांना विरोध दिला. पण हा हातमोजा हातावरच टेकलेला. तो मूठ मिटू देत नाही, आभासी टेबलावर हात मात्र अडवू शकत नाही. मग वजन कसं जाणवणार?

२००७ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या कोउता मिनामिझावा आणि सहकाऱ्यांनी काढलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. बोटाच्या पेरावर दोन इवल्या मोटरी, त्यांना जोडणारा पट्टा बोटाच्या गादीखालून गेलेला. मोटरी उलटसुलट फिरल्या की पट्टा आवळतो, एकाच दिशेने फिरल्या की सरकतो आणि कातडी ओढली जाते. हाताला खाली खेचणारं काहीच नसतं. तरी नुसत्या त्या ओढीने वस्तू जड लागते.