दातांच्या दवाखान्याचे सुरक्षेचे कागद : कोल्हापुरात अर्ज कुठे करायचा, काय लागतं

पेशंट खुर्चीतून उठला की ट्रे उचलते ती असिस्टंट. गेल्या वर्षी माझ्या राजारामपुरीतल्या दवाखान्यात कापसाखाली राहिलेली सुई तिच्या अंगठ्यात ग्लोव्हजमधून शिरली. तिचे हिपॅटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस झालेत का, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, कागदपत्रांची सुरुवात लसीच्या नोंदीपासून करा. डोस पहिल्या दिवशी, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस आणि धनुर्वाताची लस देणं, शिवाय दरवर्षी आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण, हे जैववैद्यकीय कचरा नियम, 2016 नुसार बंधनकारक आहे.

"आपली एकच खुर्ची, खाट एकही नाही, आपल्याला कशाला हे?" असं बरेच जण विचारतात. कचरा कितीही थोडा असो, अर्ज करावाच लागतो. दिलासा एवढाच की खाटा नसलेल्या दवाखान्याला प्राधिकारपत्र, म्हणजे हा कचरा हाताळायची परवानगी, एकदाच घ्यावं लागतं.

आधी सामाईक कचरा प्रक्रिया केंद्राचं सभासदत्व घ्या. ते प्रमाणपत्र, डेंटल कौन्सिलची चालू नोंदणी, जागेचा पुरावा किंवा भाडेकरार आणि रंगानुसार रोजच्या कचऱ्याचा अंदाज हाताशी ठेवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नमुना 2 भरा. कुठे अडलंच तर मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारा. कागद पूर्ण असतील आणि 90 दिवसांत हरकत आली नाही, तर प्राधिकारपत्र मिळालं असं धरलं जातं. अर्धवट अर्जाला हा नियम लागू नाही, म्हणून पोच जपून ठेवा.

पुढे दरवर्षी 30 जूनच्या आत मागच्या कॅलेंडर वर्षाचा अहवाल नमुना 4 मध्ये द्यायचा. नोंदी पाच वर्षं ठेवायच्या.

रंगांची गल्लत मात्र चांगल्या दवाखान्यांतही होते. रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज, सक्शन टिप आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात. भूल देण्याच्या औषधाची काचेची बाटली निळ्यात. चांदी भरलेला दात पिवळ्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी जाळली जाते आणि भरावातला पारा धुरातून हवेत जातो.

एक्स-रे मशीन असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर वेगळी नोंदणी लागते. मशीन मंडळानं मान्य केलेल्या मॉडेलचंच घ्या. दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणीचा अहवाल लागतो.

आता सुई टोचल्यावरचं. जखम दाबून रक्त काढू नका, वाहत्या पाण्यात साबणानं धुवा. पेशंटला थांबवून त्याच्या संमतीनं रक्त तपासणी करा आणि असिस्टंटला लगेच सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या. एचआयव्हीपासून बचावाचं औषध लागलंच, तर दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. टोचण्याची घटना 'मोठा अपघात' ठरत नाही, पण रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, कशानं टोचलं, काय उपचार केले हे लिहायचंच. वार्षिक अहवालात ते द्यावं लागतं. माझ्याकडे ते रजिस्टर आता ऑटोक्लेव्हशेजारीच असतं आणि त्याच्या पहिल्या पानावर प्रत्येकीच्या लसीच्या तारखा आहेत.