माशांच्या टँकमधे शेवाळ आलंय? धुवायला काढायच्या आधी हे वाचा

हा कागद छापायचं कारण साधं आहे. दर रविवारी आमच्या दुकानाच्या काउंटरवर तेच पाच-सहा प्रश्न येतात, गर्दीत नीट उत्तर देता येत नाही, लोक अर्धवट ऐकून घरी जातात आणि बुधवारी मेलेले मासे पिशवीत घालून परत येतात. ज्यांच्याकडे दीड-दोन फुटी प्लांटेड (आत झाडं लावलेला) टँक आहे, खाली सॉईल (झाडांसाठीची खतवाली दाणेदार माती) नाहीतर वाळू, वर एलईडी, मागे काचेला अडकवलेला हँगऑन किंवा आत स्पंज फिल्टर, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. गोल बाऊलवाल्यांचं दुखणं वेगळं आहे, ते समोरासमोर बोलू.

आधी एक कबूल करतो, शेवाळ सगळ्यांकडे येतं. आमच्या शोच्या टँकमधेही येतं, फक्त तुम्ही यायच्या आधी सकाळी आम्ही काच पुसलेली असते. पाणी आहे, उजेड आहे, माशांची घाण आहे, तिथे शेवाळ येणारच. थोडं हिरवं दिसलं म्हणजे टँक बिघडला असं नसतं. झाडांपेक्षा शेवाळ जोरात वाढायला लागलं की मात्र बघायला पाहिजे.

सगळ्यात महागात पडणारी चूक

शेवाळ दिसलं की टँक पूर्ण रिकामा करून धुणं. बाकी सगळ्या चुका आम्ही दुरुस्त करून देऊ शकतो, ही एक चूक अशी आहे की दीड-दोन महिने मागे जाता.

गेल्या हिवाळ्यात एक काका आले होते, फोनवर टँकचा फोटो दाखवला, काच आरशासारखी. चार तास लागले म्हणाले. वाळू बाहेर काढून नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत धुतली, लाकूड उकळलं, फिल्टरचा स्पंज निरम्याने चोळला, झाडं उपटून मुळं खळखळून परत लावली, आणि संध्याकाळी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरट झालं आणि निऑन टेट्रा वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पाण्याची टेस्ट केली तर अमोनिया ४ च्या रंगावर गेलेला, जो शून्य असायला पाहिजे. बारापैकी तीन निऑन वाचले. आणि तीन आठवड्यांनी शेवाळ परत आलं ते आधीपेक्षा जास्त, कारण काकांनी शेवाळ सोडून बाकी सगळं मारलं होतं.

हे का होतं ते समजून घ्या, एकदा कळलं की परत विचारायला लागणार नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. टँकमधे एक प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडांना खत म्हणून चालतं. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजवर, वाळूत, दगड-लाकडावर चिकटून राहतात. स्पंज पिळल्यावर जो चॉकलेटी गाळ निघतो ना, ज्याला बघून तुम्हाला किळस येते, त्यातच तुमच्या टँकचा संसार आहे. आणि महापालिकेच्या नळाला क्लोरीन येतं ते बॅक्टेरिया मारायलाच, ते त्याचं काम चोख करतं, चांगला-वाईट बघत नाही. नवीन वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस अमोनिया मोकळा, मुळं तुटलेली झाडं वाढायची थांबलेली, त्यांची पानं गळून पाण्यात कुजतायत, वर एलईडी चालूच. म्हणजे ज्याला घालवायला एवढं केलं त्यालाच पाट मांडून जेवायला बसवलं.

सॉईल असेल तर ती धुवायची वस्तूच नाही. धुतली की दाण्यांचा चिखल होतो आणि आतलं खत पाण्यात उतरतं. सॉईल धुवून आणलेले ग्राहक आमच्याकडे वर्षाला चार-पाच तरी येतात आणि दरवेळी नवीन पिशवी घेऊन जातात. आमचा धंदा होतो, नाही असं नाही, पण बरं वाटत नाही.

मग साफ कसं करायचं

आठवड्यातून एकदा, अर्धा तास. फिल्टर बंद करा. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने किंवा स्क्रबरने खरवडा, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. केसासारखं लांब शेवाळ असेल तर तोच ब्रश त्यात फिरवा, शेवया काट्याला गुंडाळतो तसं गुंडाळून बाहेर येतं. मग सायफन पाईपने तळाची घाण ओढत साधारण ३० टक्के पाणी काढा. दोन फुटी टँक म्हणजे बाहेरून ५४-५५ लिटर, आत दगड-माती धरून पाणी ४५ च्या आसपास, म्हणजे एक छोटी बादली. आता त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा दाबा आणि परत लावा. नळाखाली नाही. साबण तर अजिबात नाही. स्पंज पांढरा व्हायला पाहिजे असं काही नाही, पाणी आरपार गेलं की झालं. आणि तेसुद्धा दर आठवड्याला नको, फिल्टरची धार कमी झाली की करा.

नवीन पाणी टाकताना अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलंय तेवढे. आदल्या दिवशी बादली भरून ठेवली तरी बऱ्याचदा चालतं, पण विसरायला होतं म्हणून बाटली ठेवाच. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर आधी थोडं आणून दाखवा, आपल्याकडच्या बोअरला क्षार खूप असतात, झाडांच्या निवडीत फरक पडतो.

लाईट

निम्म्या लोकांचं शेवाळ इथेच आहे. सकाळी देवपूजेच्या वेळी लाईट लावायचा आणि रात्री मालिका संपल्यावर बंद करायचा, म्हणजे तेरा-चौदा तास. झाडं तेवढा वेळ जेवत नाहीत. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि बाकीची अन्नद्रव्यं संपली की त्यांची वाढ थांबते, मग उरलेला उजेड शेवाळाच्या पदरात. नवीन टँकला पहिला महिना रोज ६ तास, नंतर हळूहळू ७-८, त्याच्यावर नको. तुम्ही घरी असता ती वेळ ठेवा, संध्याकाळी ४ ते १० वगैरे. टायमर लावा. टायमर आम्ही विकतो म्हणून सांगतोय असं वाटेल, तर इलेक्ट्रिकच्या दुकानातला घ्या, पण लावा, कारण "आम्ही आठवणीने बंद करतो" म्हणणाऱ्या एकाचाही टँक आम्ही अजून स्वच्छ बघितलेला नाही.

खिडकीचं ऊन पण मोजा. बरेच जण म्हणतात पावसाळ्यात तर काहीच नव्हतं, डिसेंबरात अचानक हिरवं झालं, आम्ही काहीच बदललं नाही. तुम्ही नाही बदललं, सूर्याने बदललं. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन हॉलमधे खूप आतपर्यंत येतं आणि टँकच्या बाजूच्या काचेवर दोन तास पडतं. त्या बाजूला एक काळा कागद चिकटवा, झालं, फुकटात काम.

खाणं

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपवास, आमच्या दुकानातले मासे गुरुवार करतात. दिवाळीत गावाला जाताना शेजारच्या मुलाकडे डबा देऊ नका, चिमटीचिमटीच्या पुड्या बांधून द्या. तीन-चार दिवस मोठे मासे काही न खाता आरामात राहतात.

"एक सकर फिश द्या ना, सगळं खाऊन टाकेल"

हा प्रश्न आला की आम्ही नाही म्हणतो आणि लोकांना राग येतो, पलीकडे तर देतात की म्हणून. देतात, खरंय, आणि स्वस्तात देतात. पण दोन इंची दिसणारा तो सकर मोठा होऊन फुटाच्या पुढे जातो. लहानपणी थोडं शेवाळ खातो, मोठा झाला की माशांचं खाणं खातो, झाडं उपटतो आणि शेवाळ खाल्लं त्याच्या दुप्पट विष्ठा टाकतो, म्हणजे परत खतच. मग तो घरात मावत नाही म्हणून कोणीतरी नदीत नाहीतर तलावात सोडतं, जे अजिबात करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तलावात पसरलाय आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय.

छोट्या टँकला चालणारे मदतनीस वेगळे. चेरी श्रिम्प (छोटी लाल कोळंबी) दहा-बारा, पण मोठे मासे नसतील तरच. नेराईट गोगलगाय काचेसाठी एक नंबर, गोड्या पाण्यात पिल्लं होत नाहीत, फक्त लाकडावर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवते, ती दिसणं चालणार असेल तर. केसासारखं शेवाळ असेल तर साधी ब्लॅक मॉलीसुद्धा टोचून टोचून खाते. ओटो (शेवाळ खाणारा छोटा मासा) छान काम करतो पण नवीन टँकमधे मरतो, म्हणून टँक तीन महिन्यांचा व्हायच्या आत मागितला तर आम्ही देत नाही. आमानो श्रिम्प कधीतरी येतात, महाग आहेत, आले की बोर्डवर लिहितो. जपानच्या ताकाशी आमानोंनी टँकमधल्या शेवाळासाठी ते वापरायला सुरुवात केली म्हणून त्यांचंच नाव पडलं. पण हे सगळे झाडूवाले आहेत, कचरा टाकायचा थांबवलात तरच पुरे पडतात.

कुठलं शेवाळ आहे ते बघा

चॉकलेटी धुळीसारखा थर, बोटाने सहज पुसला जातो, टँक नवीन आहे: डायटम. काही करू नका, पुसत राहा, एक-दीड महिन्यात आपोआप जातं. याच्यासाठी औषध मागायला येऊ नका, आम्ही देणार नाही.

काचेवर आणि अनुबियास या सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या जुन्या पानांवर कडक हिरवे ठिपके: उजेड जास्त. अनुबियास सावलीत हलवा, लाकडाखाली.

पाणीच हिरवं, मूगडाळीच्या पाण्यासारखं: नुसतं पाणी बदलून जात नाही, दोन दिवसांत परत येतं. लाईट बंद, टँकवर जाड काळं कापड, तीन ते चार दिवस उघडून बघायचं नाही, खाणं नाही, हवेचा पंप मात्र चालू. मग निम्मं पाणी बदला. झाडांना काही होत नाही.

निळसर हिरवी बुळबुळीत साय, बोटाने उचलली की चादरीसारखी निघते आणि कुबट वास येतो: हे खरं तर शेवाळच नाही, बॅक्टेरिया आहे. आधी पाईपने ओढून काढा आणि मग हाच काळ्या कापडाचा उपाय, शिवाय पाण्याचा प्रवाह वाढवा. नेटवर याला अँटिबायोटिक टाकायला सांगतात. आम्ही ते विकत नाही, स्पंजमधले बॅक्टेरियाही मरू शकतात, मग परत काकांची गोष्ट.

काळे खुंट, दाढीसारखे, पानांच्या कडेला आणि फिल्टरच्या तोंडाशी: ब्लॅक बिअर्ड, सगळ्यात चिवट. झाडांसाठी लावलेल्या साखर-यीस्टच्या बाटलीचा गॅस (कार्बन डायऑक्साइड) कधी जोरात कधी बंद असा असला की हे हमखास येतं. खूप भरलेली पानं कापून टाका, जीव अडकवू नका. लाकूड किंवा अनुबियास बाहेर काढून त्यावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटांनी धुवा आणि परत ठेवा. काही दिवसांत ते गुलाबी-लाल पडतं, म्हणजे मेलं. इथे एक लक्षात घ्या, व्हिडिओत ३ टक्के सांगतात आणि आपल्या मेडिकलमधे बऱ्याचदा ६ टक्केवालं मिळतं. लेबल वाचा, ६ असेल तर तेवढंच पाणी घाला. लिक्विड कार्बनही (झाडांसाठी बाटलीत मिळणारं औषध) चालतं, पण व्हॅलिसनेरिया (लांब गवतासारखं झाड) असेल तर ती वितळते, मग आम्हाला बोलू नका.

औषध आम्ही पहिल्याच दिवशी का देत नाही

बाटल्या आमच्या कपाटात आहेत, दिल्या तर आमचाच फायदा. पण शेवाळ एकदम मारलं की ते सगळं टँकमधेच कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन जातो, आणि एप्रिल-मेमधे पाणी तिशीच्या वर असताना ऑक्सिजन आधीच कमी असतो. श्रिम्प तर कित्येक औषधांनी आधी जातात. म्हणून पहिले दोन आठवडे लाईट, खाणं, पाणी एवढंच सुधारा. त्याच्याबरोबर पटापट वाढणारी झाडं भरपूर लावा, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट, रोटाला, वर थोडी सॅल्विनिया तरंगू द्या. शेवाळाच्या ताटातलं ही झाडं आधी खातात. आमच्याकडे याची मिक्स जुडी असते, दोन फुटीला चार जुड्या पुरतात, आणि वाढल्यावर छाटलेल्या काड्या परत आणून दिल्यात तर बदल्यात माशांचं खाणं देतो. आणि हो, शेवाळ आलं म्हणून झाडांचं खत एकदम बंद करू नका, उपाशी झाडांची पानं सडतात आणि शेवाळ आधी त्यांच्यावरच बसतं.

ज्यांनी ऑलरेडी सगळं धुवून ठेवलंय, त्यांनी लाजू नका, लगेच या. आमच्या चालू टँकचा स्पंज पिळून ते गढूळ पाणी बाटलीत देतो, पैसे घेत नाही, ते तुमच्या फिल्टरजवळ ओता. दिसायला घाण आहे पण नवीन वस्ती लवकर बसायला मदत होते. तोपर्यंत रोज थोडं पाणी बदला, खाणं एक दिवसाआड. मासे मेले तर धुतलेल्या टँकसाठी बदलून मिळत नाहीत, हे बिलावर लिहिलंय आणि ते तसंच राहणार.

पाण्याची टेस्ट आमच्याकडून टँक किंवा फिल्टर घेतलेल्यांना फुकट, बाकीच्यांना नाममात्र. घरी येऊन बघायचे पैसे पडतात, पण दहापैकी आठ वेळा त्याची गरज नसते. लाईट चालू असतानाचा एक फोटो, खिडकीसकट एक लांबून फोटो, आणि साबण न लागलेल्या बाटलीत टँकचं अर्धा लिटर पाणी घेऊन या. शक्यतो मंगळवार ते शुक्रवार दुपारी, तेव्हा निवांत बोलता येतं. फक्त यायच्या आधी टँक साफ करून येऊ नका, आम्हाला तो घाण झालेलाच बघायचाय.