ई-मेल सर्व्हरवरील ब्लॅकलिस्ट आणि व्हाइटलिस्ट

मेल सर्व्हरने कोणाची मेल दारातूनच परतवायची आणि कोणाची फारशी चौकशी न करता आत घ्यायची, हे ठरवणाऱ्या याद्यांना अनुक्रमे ब्लॅकलिस्ट आणि व्हाइटलिस्ट म्हणतात. यादीतली नोंद आयपी पत्त्याची, पत्त्यांच्या सलग पट्ट्याची, डोमेनची किंवा पाठवणाऱ्याच्या पूर्ण ई-मेल पत्त्याची असते. काही याद्या सर्व्हरवरच साध्या फाइलमध्ये ठेवलेल्या असतात, तर काही दुसऱ्या संस्था चालवतात आणि त्या डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरील नावांवरून पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेतून, विचारता येतात. मजकूर वाचून स्पॅम ओळखणाऱ्या फिल्टरपेक्षा ही तपासणी फार हलकी असते. मेलचा मजकूर यायच्या आधी, जोडणी होताच निकाल लागू शकतो, म्हणून ती पहिल्या टप्प्यात ठेवतात.

डीएनएसवरच्या याद्यांची सुरुवात १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांच्या ‘आरबीएल’ या यादीने झाली. आधी ती राउटरांना बीजीपी या, एकमेकांना मार्ग कळवण्याच्या प्रोटोकॉलमधून पुरवली जाई. डीएनएसची सोय नंतर आली. आज सर्वाधिक वापरात असलेल्या याद्यांपैकी काही स्पॅमहाउस या संस्थेच्या आहेत. ती स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये सुरू केली. विचारण्याची पद्धत सोपी आहे. जोडणी १९२.०.२.९९ या पत्त्यावरून आली असेल, तर आकडे उलटे करून पुढे यादीचे नाव लावतात आणि ‘९९.२.०.१९२.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग’ असे नाव डीएनएसला विचारतात. असे नावच नाही असे उत्तर आले, तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ सारखे उत्तर आले, तर तो यादीत आहे आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. ही रीत २०१० च्या आरएफसी ५७८२ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदवलेली आहे. चाचणीसाठी १२७.०.०.२ ही नोंद यादीत असलीच पाहिजे आणि १२७.०.०.१ ही नसलीच पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. नवी यादी जोडण्यापूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरे हाताने तपासून घ्यावीत. मिनिटभराचे काम आहे.

उत्तराचा आकडा न पाहता ‘काहीतरी उत्तर आले, म्हणजे मेल नाकारा’ असे सेटिंग ठेवणे ही इथली सर्वांत महागडी चूक. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरे शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) प्रश्न गेला, तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. त्याचा अर्थ पत्ता यादीत आहे असा नसून या वाटेने विचारू नका असा आहे. सर्व्हरला हा फरक शिकवला नसेल, तर चांगली-वाईट सगळीच मेल परत जाते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत: सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवायचा, आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट’ या नियमात यादीच्या नावापुढे ‘=१२७.०.०.[२..११]’ असा अपेक्षित उत्तरांचा पल्ला लिहायचा. बंद पडलेल्या याद्यांमुळेही असाच घोळ होतो. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी अनेकांनी ती सेटिंगमधून काढली नाही. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक प्रश्नाला ‘यादीत आहे’ असे उत्तर देऊ लागली, तेव्हा अशा सर्व्हरांची येणारी मेल एकाएकी थांबली.

यादीत काय आहे, एवढेच महत्त्वाचे नसते, ती कुठे लावली हेही असते. स्पॅमहाउसच्या पीबीएल या यादीत घरगुती ब्रॉडबँडसारखे, थेट मेल पाठवणे अपेक्षित नसलेले पट्टे असतात. ते गुन्हेगार नव्हेत. पण हीच यादी वापरकर्ते लॉगिन करून मेल पाठवतात त्या ५८७ पोर्टवर लावली, तर घरून पासवर्ड देऊन मेल पाठवणारे आपलेच वापरकर्ते अडतात. म्हणून लॉगिन केलेल्यांना परवानगी देणारा नियम याद्यांच्या वर असावा लागतो. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचतो आणि स्पष्ट निर्णय मिळाला की त्या नियमावलीतले पुढचे नियम पाहत नाही. स्थानिक फाइलमध्ये नोंदीपुढे ‘ओके’, ‘रिजेक्ट’ किंवा ‘डनो’ लिहितात. ‘डनो’ म्हणजे मत नाही, पुढे चला. ‘ओके’ जपून वापरावा. तो परक्या डोमेनकडे जाणारी मेल रोखणाऱ्या नियमाच्या आधी आला, तर सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कोणाचीही मेल कुठेही पोहोचवणारा, बनू शकतो. पोस्टफिक्सच्या आवृत्ती २.१० पासून रिलेचे नियम वेगळे ठेवण्याची सोय झाल्याने हा धोका कमी झाला. फाइल बदलल्यावर तिचा तक्ता बनवणारी पोस्टमॅप ही आज्ञा चालवायची राहिली, तर सर्व्हर जुनाच तक्ता वाचत राहतो आणि लॉगमध्ये तेवढा इशारा उमटतो. नवा नियम थेट लागू करण्याआधी त्याच्यापुढे ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ लावले की मेल अडत नाही, फक्त काय अडले असते ते लॉगमध्ये दिसते. आठवडाभर हे पाहिले, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

ब्लॅकलिस्टची चूक लवकर कळते, कारण कोणीतरी तक्रार करते. व्हाइटलिस्टची चूक गुपचूप चालू राहते. मेलवरचा ‘कडून’ हा पत्ता कोणीही काहीही लिहू शकतो. त्यामुळे नुसत्या पत्त्यावर आधारलेली व्हाइटलिस्ट म्हणजे तोतयाला दिलेले प्रवेशपत्र. त्यातही स्वतःचे डोमेन व्हाइटलिस्टमध्ये घालणे सर्वांत वाईट: स्पॅम पाठवणारे नेमका तोच पत्ता वापरतात. स्पॅमअसॅसिन या, गुण देऊन स्पॅम ओळखणाऱ्या फिल्टरमध्ये मूळ सेटिंगनुसार ५ गुणांवर मेल स्पॅम ठरते आणि व्हाइटलिस्टची नोंद उणे १०० गुण देते; म्हणजे बाकी सगळ्या चाचण्या निकामी. त्यातला ‘व्हाइटलिस्ट_फ्रॉम’ हा नियम फक्त पत्ता पाहतो, तर ‘व्हाइटलिस्ट_ऑथ’ हा एसपीएफ किंवा डीकेआयएम या पाठवणाऱ्याचे डोमेन पडताळण्याच्या पद्धतींनी पत्ता सिद्ध झाला तरच लागू होतो. दुसराच वापरावा. स्पॅमअसॅसिनच्या आवृत्ती ४.० पासून या नियमांच्या नावांत व्हाइटलिस्टऐवजी ‘वेलकमलिस्ट’ आले आहे. आयपी पत्ता खोटा सांगणे कठीण असल्याने तो भरवशाचा वाटतो. मात्र घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवेचा सामाईक पत्ता मोकळा सोडला, तर तिच्या इतर सगळ्या ग्राहकांनाही दार उघडते. आणि कोणतीही व्हाइटलिस्ट विषाणू तपासणीला वगळणारी नसावी.

एकाच यादीच्या शब्दावर मेल नाकारण्यापेक्षा गुणांची पद्धत बरी. पोस्टफिक्समधील पोस्टस्क्रीन हा भाग प्रत्येक यादीला वजन देऊ देतो, व्हाइटलिस्टला ऋण वजनही देता येते, आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेला पोहोचली तरच जोडणी अडते.

नकार द्यायचा तो एसएमटीपी संवाद (दोन मेल सर्व्हरांमधली देवाणघेवाण) चालू असतानाच, ५५० किंवा ५५४ या कोडने आणि कारणासह. मेल आधी स्वीकारून मग परत धाडली, तर ती ज्याचा पत्ता चोरला त्या निरपराध माणसाकडे जाते. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि त्यामुळे आपलाच सर्व्हर एखाद्या यादीत जाऊ शकतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याचा ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता याद्यांच्या तपासणीतून वगळावा, म्हणजे चुकून अडलेल्याला कळवायला एक वाट राहते.

आपलाच सर्व्हर यादीत गेला, तर आधी कारण शोधावे. बहुधा एखाद्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेलेला असतो. ते न सुधारता नाव काढून घेतले, तर ते पुन्हा चढते. स्पॅमहाउसच्या काही याद्यांतून नाव काढण्याचा अर्ज स्वतः करता येतो. तिच्याच एसबीएल या यादीतून काढण्याची विनंती मात्र इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून जावी लागते. यादीत नाव घातल्याबद्दल ई३६० इनसाइट या कंपनीने अमेरिकेत स्पॅमहाउसवर खटला भरला होता. २००६ मध्ये १.१७ कोटी डॉलर भरपाईचा आदेश झाला, आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती रक्कम ३ डॉलरवर आणली.

स्थानिक यादीतल्या प्रत्येक नोंदीशेजारी तारीख आणि कारण लिहून ठेवावे. आयपी पत्ते हात बदलतात, आणि दोन वर्षांपूर्वी अडवलेला पत्ता आज भलत्याच कोणाकडे असू शकतो.