दगड देतो तो इशारा भूकंप का देत नाही?

कोल्हापूरच्या खाणींतून निघणाऱ्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा, ५४ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल कापून दाबयंत्रात उभा केला, तर चांगला निबर दगड मोडायला ३५ टनांच्या आसपास भार लागू शकतो. त्याच्या निम्म्या-पाऊण भारालाच पृष्ठभागावर चिकटवलेले संवेदक बारीक ध्वनिस्पंद टिपू लागतात. प्रत्येक स्पंद म्हणजे आत उघडलेली एखादी सूक्ष्म भेग. शेवटी स्पंदांची गर्दी होते, भेगा एका तिरक्या पट्ट्यात एकवटतात, दगड किंचित फुगतो आणि धडाक्यात फुटतो.

हे स्पंद भूकंपाच्या पूर्वधक्क्यांसारखे आहेत, हे जपानच्या कियो मोगी यांनी १९६०च्या दशकात दाखवले. ताण वाढतो तसे लहानांच्या तुलनेत मोठ्या स्पंदांचे प्रमाण वाढते, असे क्रिस्टोफर शोल्झ यांना १९६८ मध्ये आढळले. भाकीत आता हाताशी आले, असे वाटण्याचे ते दिवस होते. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी चीनमधील हायचेंगला भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढले गेले. मात्र त्यामागे मुख्य आधार पूर्वधक्क्यांचाच होता. पुढच्याच वर्षी चीनमधल्याच तांगशानच्या भूकंपाआधी तसे काही झाले नाही आणि अधिकृत आकड्यांनुसारच २,४०,०००हून अधिक माणसे गेली.

प्रयोग खोटा नव्हता. आपण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा केली, असे मला वाटते. यंत्रातला दगड अखंड असतो, तर बहुतेक भूकंप प्रस्तरभंगावर, म्हणजे खडक आधीच तुटलेला असतो त्या जागी, होतात. जड कपाट फरशीवरून ढकलताना अडते आणि मग एकदम सरकते, तसा हा प्रकार असल्याचे ब्रेस आणि बायर्ली यांनी १९६६ मध्येच सुचवले होते. शिवाय प्रयोगशाळेत भार किती आहे हे काट्यावर दिसते. जमिनीखाली काही किलोमीटरवर तो वाचायचा कुठे? कॅलिफोर्नियातील पार्कफील्डला १९९३ पर्यंत अपेक्षित असलेला भूकंप २८ सप्टेंबर २००४ रोजी आला, तोही उपकरणांच्या जाळ्याच्या मधोमध, आणि तरीही ठळक पूर्वखूण मिळाली नाही.

म्हणून कोल्हापूरपासून सुमारे ९० किलोमीटरवरचे कोयना महत्त्वाचे ठरते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या साठ्याशी निगडित भूकंप तिथे आजही होतात, आणि तेही तुलनेने लहानशा टापूत व कमी खोलीवर, त्यामुळे छिद्र पाडून त्यांच्या जवळ जाता येते. २०१७ मध्ये तिथे ३ किलोमीटर खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण झाले, बेसाल्टचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी खडकापर्यंत. भेगांतील पाण्याचा दाब वाढला की खडकाची पकड सैल होते. प्रयोगशाळेत हा दाब पंपाने हवा तेवढा ठेवता येतो, कोयनेत मात्र तो खडकाच्या पोटात उतरूनच मोजावा लागेल.