गळाने पकडला म्हणून ट्यूना चांगला?

मासळी घरपोच देणाऱ्यांच्या जाहिरातींत हल्ली 'गळाने पकडलेली' हे शब्द ठळक अक्षरांत असतात. ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगाखाली चेंगरण्यापेक्षा गळ बरा, यात शंका नाही. पण गळाचा मासा म्हणजे हमखास उत्तम मासा, ही समजूत चुकीची आहे. सगळ्यात चांगला पुरावा हवाई बेटांवर सापडतो.

तिथे हिलोच्या किनाऱ्यावरून छोट्या होड्या रात्री निघतात. दिव्याच्या उजेडाला माकुल गोळा होतात आणि त्यांच्यामागे पिवळ्या परांचा ट्यूना येतो. आपल्या कुपा-गेदरच्या कुळातलाच हा मासा, अरबी समुद्रातही मिळणारा. हातदोरीवर तो काही मिनिटं जीव तोडून झुंजतो, वर येतो आणि लगेच मारला जातो. यातल्या काही माशांचं मांस कापल्यावर लाल, पारदर्शक दिसायच्या ऐवजी फिकट, धुरकट आणि पाणचट निघतं, चवीला किंचित आंबूस. याला 'जळका ट्यूना' म्हणतात. कच्चा खायच्या बाजारात त्याचा भाव कोसळतो.

जळतं काय? माशाचे लाल स्नायू संथ पोहण्यासाठी असतात आणि ऑक्सिजनवर चालतात. पांढरे स्नायू अचानक उसळी घेण्यासाठी असतात. गळ लागला की पांढरे स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, फोडतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साचतं आणि उष्णताही निर्माण होते.

इतर बहुतेक माशांत ही उष्णता रक्ताबरोबर कल्ल्यांत जाते आणि पाण्यात विरते. ट्यूनात मात्र निसर्गाने केलेली रचना थक्क करणारी आहे. कल्ल्यांकडून थंड रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या आणि स्नायूंतून गरम रक्त नेणाऱ्या शिरा एकमेकींना चिकटून, उलट दिशांनी धावतात. शिरेतली उष्णता शेजारच्या धमनीत शिरते आणि पुन्हा आत परतते. ऑक्सिजन आत पोचतो, ऊब बाहेर पडत नाही. निळ्या परांच्या मोठ्या ट्यूनाचं शरीर थंड समुद्रात पाण्यापेक्षा 20 अंशांपर्यंत गरम राहू शकतं. याच बळावर तो इतका वेगवान शिकारी झाला.

झुंजीत आणि मृत्यूनंतर हीच रचना मांसाच्या मुळावर येते. रक्त थांबतं, पण ग्लायकोजेन फुटतच राहतं. सामू (pH) सातच्या आसपासून सहाच्याही खाली घसरतो, म्हणजे मांस आम्ल होत जातं, आणि जाड मांसाचा गाभा अजून गरमच असतो. गरम दुधात लिंबू पिळलं की ते लगेच फाटतं, थंड दुधात तेवढं चटकन नाही; स्नायूंतल्या मायोसिन प्रथिनाचं तसंच होतं. त्याची घडी उलगडते, पाणी सुटतं, प्रकाश विखुरतो, रंग उडतो.

 

1980च्या दशकात दुसरं एक स्पष्टीकरण पुढे आलं: ताणाच्या संप्रेरकांमुळे कॅल्पेन हे विकर सुटतं आणि स्नायूंचे तंतू कुरतडतं. मला आम्ल-उष्णतेची बाजू अधिक पटते, कारण कत्तलीआधी घाबरवलेल्या डुकराचं मांसही असंच फिकट, पाणचट होतं आणि त्यामागे गरम मांसात साचलेलं आम्लच असतं.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. लांब दोरीच्या गळांवर, म्हणजे लाँगलाइनवर, कित्येक तास अडकूनही जिवंत राहिलेल्या ट्यूनाचं मांस अनेकदा कमी जळकं असतं. सुरुवातीची धडपड संपली की तो संथ पोहतो, वाहतं रक्त आम्ल काढून नेतं, अंगातली उष्णता उतरते. नॉर्वेत ट्रॉलरने पकडलेला कॉड काही तास टाकीत जिवंत ठेवून पाहिला गेला आहे. ताणामुळे मांसात उतरलेलं रक्त त्या वेळात ओसरतं आणि तुकडे पुन्हा पांढरे निघतात.

ट्यूनाला असा विसावा बहुधा मिळत नाही. म्हणून जाणते मच्छीमार मेंदूत अणकुचीदार सळई खुपसून त्याला क्षणात मारतात, रक्त वाहू देतात आणि मज्जारज्जूतून तार फिरवतात, म्हणजे मेल्यावर स्नायूंचं फडफडणं थांबतं आणि उरलेली ऊर्जा वाया जात नाही. मग बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवतात, कारण नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा ते अंगाला सगळीकडून भिडतं. मोठ्या ट्यूनाचा गाभा थंड व्हायला तरीही कित्येक तास लागतात, म्हणून पोट साफ करून आतही बर्फ भरतात.